पेस्ट बदलली तरी सीपीयू तापतोय? कूलर काढायच्या आधी हे बघा

ओळखीत कुणाचाही पीसी तापला की फोन मला येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "थर्मल पेस्ट वाळली असेल ना?" असेलही. (थर्मल पेस्ट म्हणजे सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आणि त्यावरचा कूलर यांच्या मधे लावतात तो लेप.) पण मी आजवर जेवढे कूलर उघडलेत त्यात नुसती पेस्ट वाळली म्हणून तापणारे पीसी फार थोडे निघाले. बाकी सगळी धूळ, मेलेला फॅन, बायोसमधलं (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सेटिंग, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कूलर नीट न बसणं. तरी लोक सुरुवात पेस्टपासूनच करतात, कारण ट्यूब विकत आणली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मीही तेच करायचो, त्याची गोष्ट खाली येईलच.

लक्षणं

गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की पहिली पाच-दहा मिनिटं मस्त चालतं आणि मग अडखळायला लागतं. क्लॉक स्पीड बघितला तर चार गिगाहर्ट्झच्या वर असायला हवा तो दोन-अडीचवर येऊन बसलेला. याला थ्रॉटलिंग म्हणतात, प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच हळू होतो. फॅन सतत बोंबलत असतो, नुसतं ब्राउझर उघडलं तरी. बायोसमध्ये काही न करता बसलं तरी टेंपरेचर ७५-८० दाखवतंय. चालू करताना काळ्या स्क्रीनवर 'सीपीयू फॅन एरर' किंवा 'सीपीयू ओव्हर टेंपरेचर' असा मेसेज येतो आणि आपण एफ१ दाबून पुढे जातो (जाऊ नका, तो उगाच येत नाही).

आणि सगळ्यात पक्कं लक्षण: पीसी धाडकन बंद, निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही. लगेच चालू केला तर मिनिटभरात परत बंद, पण दहा-पंधरा मिनिटं थांबून चालू केला तर गुपचूप चालतो. थांबल्यावर चालतो म्हणजे बहुतेक उष्णतेचंच प्रकरण.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसला म्हणून लगेच घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन झाला नव्हता, कारण पॉवर सप्लायही असू शकतं. त्यापेक्षा कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ शोधा, फर्मवेअर (बायोससारखं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरचा वेग अडवतंय असं तो सांगतो.

काय लक्षण नाही तेही सांगतो, कारण निम्मे लोक उगाचच कूलर काढतात. एएमडीचे रायझन ७००० सिरीजचे बरेच प्रोसेसर फुल लोडला ९५ डिग्रीपर्यंत जातात, ते तसेच बनवलेत, ९५ गाठायचं आणि तिथेच राहून जेवढा वेग मिळेल तेवढा घ्यायचा. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० असते. त्यामुळे नुसता आकडा बघून "बापरे ९२!" करण्यात अर्थ नाही, आधी आपल्या मॉडेलची मर्यादा किती ते कंपनीच्या पानावर बघा. रायझनवर आयडलला, म्हणजे काही काम चालू नसताना, टेंपरेचर ४० वरून ५५ आणि परत ४० असं उड्या मारतं, तेही नॉर्मल आहे.

आधी मोजा, आणि आकड्यापेक्षा चाल बघा

ही पायरी फुकट आहे आणि हीच सगळे वगळतात. एचडब्ल्यूइन्फो हे टेंपरेचर, फॅनचा स्पीड वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका (लिनक्सवाल्यांनी एलएम-सेन्सर्स), सेन्सर्सची खिडकी उघडी ठेवा आणि सिनेबेंचची (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटांची टेस्ट लावा. कागदावर चार आकडे लिहा: खोलीचं टेंपरेचर, टेस्टच्या आधीचं, टेस्ट सुरू झाल्यावर पाचव्या सेकंदाचं आणि दहाव्या मिनिटाचं. खोलीचं का, तर कूलर खोलीच्या हवेच्या खाली जाऊच शकत नाही, खोली २२ वरून ३२ झाली तर सीपीयूही साधारण तेवढाच वर जाणार, आणि मग "मागच्या महिन्यात ७० होतं, आता ८० झालं" ही तक्रारच उरत नाही.

आता चाल. टेस्ट सुरू केल्या केल्या दोन-चार सेकंदात टेंपरेचर थेट मर्यादेला जाऊन चिकटलं, आणि हातानं कूलरच्या फिन्स (धातूचे पातळ पत्रे) चाचपल्या तर त्या गारच, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये जातच नाहीये. हा संपर्काचा घोळ. पेस्ट, किंवा कूलर वाकडा बसलाय, किंवा कूलरच्या बुडाची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायची राहिलीय (हसू नका, मी दोनदा बघितलंय, एकदा स्वतःच्याच हातचं). याउलट टेंपरेचर हळूहळू मिनिटामिनिटानं चढतंय आणि फिन्सही चटका बसेल इतक्या तापल्यात, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतेय पण कूलरमधून हवेत जात नाहीये. तिथे जगातली सगळ्यात भारी पेस्ट लावली तरी काडीचा फरक पडणार नाही, कारण पेस्टचं काम आधीच झालंय.

फक्त एक लक्षात ठेवा, अडीचशे वॉट खाणारा मोठा प्रोसेसर आणि त्यावर छोटा कूलर असेल तर सगळं नीट बसवूनही टेंपरेचर सेकंदात मर्यादेला जातं. तिथे कूलरच अपुरा आहे.

पंधरा मिनिटांत होणाऱ्या गोष्टी

टास्क मॅनेजर उघडा. काही चालू नसताना सीपीयू ३०-४० टक्के दाखवतोय? मग काय खातंय ते बघा. अपडेट असेल, अँटीव्हायरसचा स्कॅन असेल, कधी कधी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला मायनर (आपल्या पीसीवर चोरून क्रिप्टोकरन्सी काढणारा प्रोग्राम) पण असतो. एका मित्राचा पीसी टास्क मॅनेजर उघडला की शांत आणि बंद केला की परत फॅन सुरू, असं चाललं होतं. मायनरच होता, टास्क मॅनेजर दिसला की लपायचा.

मग कॅबिनेटचं साइड पॅनल काढा आणि तीच टेस्ट परत लावा. टेंपरेचर आठ-दहा डिग्रीनं उतरलं तर तुमची तक्रार सीपीयू कूलरची नाहीच, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. पुढची जाळी तुंबलीय, किंवा पीसी भिंतीला टेकवून टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलाय, किंवा मागचा फॅन उलटा लागलाय. फॅनची दिशा ओळखायची सोपी खूण: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते.

आता धूळ. पीसी बंद करा, मागचा पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. टॉर्च मारून फॅनच्या पात्यांमधून फिन्सकडे बघा. वरून कूलर स्वच्छ दिसतो आणि फॅन काढला की खाली फिन्सवर राखाडी नमद्यासारखी धुळीची गादी बसलेली असते, अक्षरशः नखानं एका तुकड्यात सोलून निघते. फॅन काढता येत असेल तर काढूनच साफ करा, नुसती वरून हवा मारली तर धूळ आणखी आत दाबली जाते. ब्लोअर किंवा हवेचा कॅन वापरताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो हवेनं त्याच्या कुवतीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, नळीच्या टोकाशी स्टॅटिक तयार होतो. ओलं फडकं तर नाहीच नाही.

फॅनचा स्पीड एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघा. शून्य दाखवत असेल तर वायर मदरबोर्डवर सीपीयू_फॅन लिहिलेल्याच हेडरला (वायर जोडायच्या पिनांना) आहे का बघा, चुकून दुसऱ्या हेडरला लागली असेल तर बोर्ड सीपीयूच्या टेंपरेचरप्रमाणे फॅन वाढवतच नाही. फॅन फिरतोय पण लोडलाही सहाशे-सातशे आरपीएमवरच (मिनिटाला फेरे) आहे, तर बायोसमधला फॅन कर्व्ह (कुठल्या टेंपरेचरला फॅन किती फिरायचा ते सेटिंग) सायलेंटवर असेल. हातानं फिरवून बघा, खरखर लागली किंवा सोडल्यावर लगेच थांबला तर बेअरिंग गेलं, फॅन बदला. केबल टायचं शेपूट पात्यात अडकलेलंही बघितलंय.

पाण्याचा कूलर असेल तर फॅनच्या आधी पंप बघा. पंपाचा आरपीएम शून्य, किंवा लोडला एक नळी चांगली गरम आणि दुसरी एकदम गार, म्हणजे पाणी फिरत नाहीये. रेडिएटर खाली आणि पंप सगळ्यात वर अशी मांडणी असेल तर आतली हवा पंपात येऊन बसते, गुळगुळ आवाज येतो, तेव्हा रेडिएटरचं एक टोक तरी पंपाच्या वर येईल असं करा. एवढं करून पंप फिरला नाही तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका, युनिट बदलायचं किंवा वॉरंटीत द्यायचं.

बायोस: वॉट बघा

लोड चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' बघा. डब्यावर ६५ वॉट लिहिलंय म्हणजे तो ६५ च खाणार असं नाही. एएमडीचा ६५ वॉटचा प्रोसेसर सॉकेटमधून (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो, १०५ वाला १४२ पर्यंत. इंटेलचा आय५-१२४०० बेसला ६५ वॉटचा पण टर्बोला, म्हणजे वेग वाढवल्यावर, ११७ पर्यंत जातो. इथवर ठीक. पण काही मदरबोर्ड या मर्यादा आपणहून काढून टाकतात, 'मल्टीकोर एन्हान्समेंट' किंवा तसल्याच एखाद्या नावाखाली, आणि मग प्रोसेसरबरोबर डब्यात आलेल्या छोट्या स्टॉक कूलरवर दीडशे वॉट येऊन पडतात. बायोस अपडेट केल्यावर अचानक तापायला लागला असेल तर पहिला संशय यावर घ्या. बायोस डिफॉल्टला न्या, पॉवर लिमिट कंपनीच्या आकड्याला लावा, परत टेस्ट करा. रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग) नंतर परत चालू करायला विसरू नका, नाहीतर "तू हात लावल्यापासून पीसी स्लो झाला" हे ऐकावं लागतं.

कूलर बसलाय का नीट?

पीसी बंद करून कूलर दोन बोटांत धरा आणि हलकेच हलवा. बोर्डासकट हलला पाहिजे, एकटा कूलर डुगडुगला तर आजार सापडला.

ही माझी गोष्ट. मावसभावाचा पीसी, इंटेलचा गोल स्टॉक कूलर, चार प्लास्टिकच्या पुश पिनांचा. गेम लावला की तीन सेकंदात १०० डिग्री. मी पेस्ट बदलली, फरक नाही. मला वाटलं पेस्ट हलकी असेल, चांगली आणली, परत लावली, चार डिग्री उतरलं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अजून महागडी. तिसऱ्या वेळी कूलर काढून बुड उजेडात धरलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पेस्टचा ठसा एका बाजूला इतका पातळ की खालचं तांबं दिसत होतं आणि समोरच्या कोपऱ्यात लोण्यासारखा जाड थर तसाच्या तसा, त्यावर प्रोसेसर टेकल्याची खूणसुद्धा नाही. बोर्ड बाहेर काढून मागून बघितलं, चारपैकी तीन पिनांच्या फुलीसारख्या पाकळ्या फाकलेल्या, चौथी भोकातून अर्धीच बाहेर. ती नीट दाबली, टक् आवाज आला, आणि त्याच पीसीत, तळाशी उरलेल्या सगळ्यात साध्या पेस्टवर, लोडला ७१. तीन ट्यूबा आणि दोन रविवार एका पिनेपायी.

त्या पिनांचं तंत्र असं: वरच्या काळ्या टोपीवर बाण असतो तो पिन *सोडवायची* दिशा दाखवतो. बसवताना टोप्या बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून ठेवायच्या, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक् ऐकू आला पाहिजे. बोर्डाच्या मागून चारही पिनांची टोकं सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत, ही तपासणी चुकवू नका. पाकळी तुटली असेल किंवा पांढरी पडून दुमडली असेल तर ती परत धरणार नाही, मागे प्लेट लावून स्क्रूनं बसवायची किट मिळते ती लावा.

स्क्रूचा कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही, कोपऱ्याकोपऱ्यानं फुली मारत दोन-दोन फेरे द्यायचे.

एवढं करूनही तेच, तर मग पेस्ट

पेस्ट नेमकं काय करते ते एकदा समजून घ्या, म्हणजे निवडताना फसणार नाही. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचं बूड दोन्ही गुळगुळीत दिसतात पण सूक्ष्म ओरखडे आणि खड्डे असतातच, त्यात हवा राहते, आणि हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. उष्णता वाहून नेण्याचा आकडा हवेचा साधारण ०.०२६, चांगल्या पेस्टचा ५ ते १० च्या आसपास, आणि तांब्याचा ४०० च्या जवळ. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी पण धातूच्या पुढे भिकारच. तिनं फक्त खड्डे भरायचेत.

ढोबळ हिशोब करून दाखवतो. १०० वॉट उष्णता, ती मुख्यतः दोन चौरस सेंटीमीटरमधून वर येतेय, पेस्टचा थर ०.०५ मिलीमीटर आणि आकडा ५ असलेली साधी पेस्ट. थरापायी वाढतात ५ डिग्री. आकडा १० असलेली भारी पेस्ट घेतली तर अडीच. वाचले किती? अडीच. आता पेस्ट साधीच ठेवा पण कूलर नीट न दाबल्यामुळे थर ०.२ मिलीमीटर राहिला असं धरा: २० डिग्री. पंधरा डिग्री नुसत्या ढिल्या दाबापायी गेले. म्हणून ट्यूबवरच्या आकड्यांवरून भांडू नका, शिवाय प्रत्येक कंपनी तो आकडा आपापल्या पद्धतीनं मोजते, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

मग कुठली घ्यायची? डेस्कटॉपला आर्क्टिक एमएक्स-४, नॉक्टुआ एनटी-एच१ या जातीची कुठलीही नावाजलेली पेस्ट डोळे झाकून चालते. वीज वाहत नाहीत, थोडी इकडेतिकडे सांडली तरी शॉर्ट होत नाही, आणि पसरायला सोप्या. बिननावाच्या पाकिटातली पांढरी पाणचट पेस्ट बहुतेक सिलिकॉन ग्रीस आणि झिंक ऑक्साइडचं मिश्रण असते, दोन-तीन दिवस चालवायला हरकत नाही, कायमची नको. टूथपेस्ट लावून बघितलेले महाभाग पण असतात, लावल्या लावल्या टेंपरेचर खरंच छान येतं, मग त्यातलं पाणी उडतं आणि मागे खडू उरतो.

लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. ते गॅलियमचं मिश्रण, वीज वाहतं, एक थेंब बोर्डावर ओघळला की खेळ खलास, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर धातू अक्षरशः भुसभुशीत करून टाकतं.

लॅपटॉपचं गणित थोडं वेगळं. तिथे प्रोसेसरवर झाकण नसतं, कूलर थेट चिपला टेकतो, आणि रोजच्या गरम-गार होण्यानं पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, मधला भाग कोरडा पडतो. याला पंप-आउट म्हणतात. नवी पेस्ट लावली, महिनाभर झकास, मग परत तापलं, असं होत असेल तर बहुतेक हेच. तिथे घट्ट पेस्ट किंवा हनीवेल पीटीएम७९५० सारखा फेज चेंज पॅड जास्त टिकतो, तो साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन खड्ड्यांत शिरतो. पहिल्याच टेस्टवरून त्याला नावं ठेवू नका, दोन-चारदा गरम-गार झाल्यावर तो नीट बसतो. दोन्ही बाजूंचं प्लास्टिक काढायचं, आणि निघत नसेल तर पॅड थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, पटकन सुटतो.

काढणं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून सावकाश वाचा. कूलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं लोडवर चालवा, पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग बंद करा, वायर काढा, आणि स्क्रू सैल केल्यावर कूलर सरळ वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटचं हँडल लावलेलं असलं तरी वाळलेली पेस्ट प्रोसेसर सॉकेटातून उपटून वर आणते, कूलरला चिकटलेला. पिना वाकल्या की रडायची वेळ. एएम५ आणि इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटवर प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, तिथे हा धोका नाही, पण तिथे पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसाइतक्या नाजूक, म्हणून ती चौकट नुसत्या पेस्टसाठी उघडूच नका. प्रोसेसर जागेवरच ठेवून वरचं झाकण पुसता येतं.

पुसण्याआधी ठसा वाचा

कूलर निघाला की लगेच टिश्यू घेऊन पुसायला धावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. हा ठसा म्हणजे आजाराचा रिपोर्ट आहे. सगळीकडे सारखा पातळ, मधे जरा जास्तच पातळ, कडेला थोडी बाहेर आलेली: बैठक उत्तम. एका बाजूला जाड: कूलर तिरका होता. मधे जाड आणि दोन कडांना पातळ: प्रोसेसरचं झाकण किंवा कूलरचं बूड पूर्ण सपाट नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर चौकटीच्या दाबानं लांबट प्रोसेसर किंचित वाकल्याचे प्रकार बरेच झालेत, त्यासाठी त्या चौकटीच्या जागी लावायची कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, पण ती लावायला सॉकेट उघडावंच लागतं, सवय नसेल तर दुसऱ्याकडून लावून घ्या. मधला भाग जवळजवळ कोरा आणि कडेला ओली पेस्ट: पंप-आउट. पोपडे सुटून पावडर पडतेय: आता म्हणा, पेस्ट वाळली होती.

ठसा चांगला आणि पेस्ट अजून ओलसर निघाली तर मनाची तयारी करा, नवीन लावून दोन-तीन डिग्रीच्या पलीकडे काही मिळणार नाही, आजार आधीच्या पायऱ्यांतच कुठेतरी राहिलाय.

पुसणं, लावणं, बसवणं

९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट (बारीक तंतू) न सोडणारं कापड. कडेकडून मधे पुसा, म्हणजे पेस्ट सॉकेटकडे ढकलली जात नाही. वाळलेली असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेलं कापड दोन मिनिटं वर ठेवा, चाकू-ब्लेड नको. शेवटच्या हाताला कापडावर राखाडी येणं बंद झालं पाहिजे. त्यानंतर बोट लावू नका.

किती लावायची यावर युद्धं झालीत. नेहमीच्या आकाराच्या प्रोसेसरला मधोमध मटाराच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, लांबट असेल तर बारीक फुली. बाकी काम कूलरचा दाब करतो. थोडी जास्त झाली तर कडेनं बाहेर येईल, काही बिघडत नाही, कमी झाली तर कोपरा कोरडा राहतो आणि तो त्रास देतो. म्हणून शंका असेल तर किंचित जास्तच. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर मात्र पातळ पसरूनच लावा, तिथे चिपचा कोपरा कोरडा ठेवून चालत नाही. आणि लॅपटॉपमध्ये बाजूच्या चिपांवर जिथे मऊ रबरी पॅड असतात तिथे पॅडच्या जागी पेस्ट घालू नका, पॅड एक-दोन मिलीमीटरची फट भरत असतो, पेस्ट ती भरूच शकत नाही.

कूलर सरळ वरून एकदाच ठेवा. ठेवल्यावर उचलून "पसरली का" बघायचा मोह होतो, उचललात तर मधे हवेचे बुडबुडे राहतात, पुसून पहिल्यापासून करा. स्क्रू फुली मारत, फॅनची वायर लावली का ते परत एकदा बघा (ही वायर मी अजूनही दोन-चार वेळांतून एकदा विसरतो), आणि मग तीच दहा मिनिटांची टेस्ट, त्याच कागदावर, जुन्या आकड्यांच्या शेजारी.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

सॉकेटमधली किंवा प्रोसेसरची पिन वाकली असेल तर थांबा. यूट्यूब बघून टाचणीनं सरळ करायला जाल, एक सरळ होते आणि शेजारची तुटते. लॅपटॉप उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर तिला न दाबता, न टोचता, आहे तसा द्या. चिपवर पाऱ्यासारखं चकाकणारं काही दिसलं तर ते कारखान्यातून आलेलं लिक्विड मेटल आहे, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि प्लेस्टेशन ५ मध्ये असतं, त्यावर साधं कापड फिरवू नका, पसरेल. पाण्याच्या कूलरमधून थेंब आला तर पीसी चालू करून बघायचं नाही. स्क्रूचं डोकं घासलं गेलं आणि ड्रायव्हर नुसता गरगर फिरतोय तर जोर लावू नका, ड्रायव्हर निसटून बोर्डावर ओरखडा गेला की बोर्ड गेला. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

आणि एक असं की जे लोकांच्या लक्षात येत नाही: पीसी बंद पडतोय पण बंद पडायच्या क्षणी टेंपरेचर ६० च होतं, तर तो उष्णतेमुळे बंद पडतच नाहीये. पॉवर सप्लाय किंवा बोर्ड तपासून घ्या. तसंच दोनदा पेस्ट नीट लावून, ठसा चांगला येऊन, वॉट बरोबर असूनही टेंपरेचर तिथेच असेल तर तिसरी ट्यूब आणू नका. कूलरच्या हीट पाइपमधला द्रव गेला असेल, मग पाइपचं बुडाकडचं टोक तापलेलं आणि फिन्सकडचं टोक गार लागतं, तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. दुसऱ्याचा चालू कूलर तासभर उसना लावून बघितला की निकाल लागतो.

पेस्ट ठरावीक महिन्यांनी बदलायची गरज नसते. डेस्कटॉपवर चांगली पेस्ट तीन ते पाच वर्षं आरामात जाते. मी कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागदी टेप चिकटवलीय, तिच्यावर तारीख, खोलीचं टेंपरेचर आणि दहाव्या मिनिटाचा आकडा. धूळ साफ करायला झाकण उघडलं की टेस्ट लावतो, खोलीचा फरक वजा करून आकडा तीन-चार डिग्रीच्या आत असला तर कूलरला हात न लावता झाकण परत बंद.